पाच सेकंदांचे इंजेक्शन
(इजिप्तमधील हिपॅटायटिस 'सी'ची कहाणी)

कावीळ झाली की आपल्याकडे अजूनही अनेक घरांत रोग्याला आधी कावीळ 'उतरवणाऱ्या'कडे नेतात. कुणी गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ घालतो. ती दिवसेंदिवस लांबत जाऊन छातीवरून पोटापर्यंत येते, आणि माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली असे समजले जाते. कुणी चुन्याच्या निवळीने रोग्याचे हात धुतो, पाणी पिवळे होते आणि कावीळ अंगातून निघून गेली म्हणून सगळे समाधानाने घरी जातात. मुळ्या वाळल्या की आक्रसतात आणि दोऱ्याची गाठ सैल पडते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला तर निवळी पिवळी होते. पण तरीही रोगी बरा होतोच ना, असे पालक आपल्याला विचारतात.

होतो, कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ (हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई') बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय माळेला मिळते, काम मात्र शरीराने केलेले असते.

या लेखात आपण एका वेगळ्याच काविळीची गोष्ट पाहणार आहोत. तिला कावीळ म्हणणेही तसे चुकीचेच आहे, कारण ती झालेल्या बहुतेकांचे डोळे सुरुवातीला पिवळे होतच नाहीत. ती पाण्यातून येत नाही, रक्तातून येते. वीस-वीस, तीस-तीस वर्षे ती यकृतात गुपचूप बसून राहते. आणि ज्या देशात तिने सर्वांत मोठा उच्छाद मांडला, तिथे तिला घरोघर पोचवायला रोगराई हटवण्यासाठी निघालेली एक सरकारी मोहीमच कारण झाली. त्याच देशाने पुढे तिला ज्या तऱ्हेने आवरले, त्याचेही आज जगाला कौतुक आहे. म्हणून ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे, असे आम्हाला वाटते.

कालव्यातली गोगलगाय

गोष्ट सुरू होते नाईल नदीच्या काठी, एका जंताच्या रोगापासून. या रोगाचे नाव बिल्हार्झिया किंवा शिस्टोसोमियासिस. १८५१ साली कैरोमधल्या रुग्णालयात काम करणाऱ्या थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला शवविच्छेदन करताना माणसाच्या रक्तवाहिन्यांत हे जंत सापडले. रोग मात्र फार जुना. १९१० साली मार्क आर्मंड रफर यांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत या जंताची अंडी दाखवून दिली.

हा जंत माणसाच्या शरीरात थेट एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. रोग्याच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली अळी एका विशिष्ट जातीच्या पाणगोगलगायीत शिरते, तिथे वाढते, आणि मग नव्या रूपात पाण्यात उतरून पोहणाऱ्या माणसाची कातडी भेदून आत जाते. हे चक्र रॉबर्ट लायपर यांनी १९१५ साली इजिप्तमध्येच उलगडले.

आता शेतीकडे पाहू. पूर्वी नाईलला वर्षातून एकदा पूर येई, शेतात पाणी साचे, ओसरे, आणि पुढे जमीन कोरडी पडे. त्यात गोगलगायीही मरत. एकोणिसाव्या शतकापासून बारमाही कालवे आले. १९०२ साली आस्वानचे पहिले धरण झाले, १९७० साली मोठे धरण पूर्ण झाले. शेतात वर्षभर पाणी खेळू लागले, वर्षाला दोन-तीन पिके निघू लागली, आणि गोगलगायींनाही बारमाही घर मिळाले. अनवाणी पायांनी भात लावणारा शेतकरी, कालव्यावर कपडे धुणारी बाई, उन्हाळ्यात डुंबणारी मुले, सगळेच या जंताच्या तावडीत सापडले. काही गावांत तर मुलाच्या लघवीतून रक्त जाणे म्हणजे तो वयात आल्याची खूण मानली जाई, इतका हा रोग नेहमीचा झाला होता.

(जाता जाता आपल्याकडचीही एक नोंद सांगू. मूत्रमार्गाच्या बिल्हार्झियाचे एक छोटेसे केंद्र १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी सापडले होते. ते पुढे पसरले नाही. पण 'असले रोग परदेशात' असे म्हणण्यापूर्वी ही नोंद आठवावी.)

इजिप्तचा लाडका गायक अब्दुल हलीम हाफिज याला लहानपणी कालव्यात पोहताना बिल्हार्झिया झाला होता. यकृत निकामी होऊन १९७७ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला, तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो लोक रडत उतरले. सामान्य शेतकऱ्यांची अशी किती घरे असतील याची कल्पनाच केलेली बरी.

अँटिमनीचा उतारा

या जंतावर पहिले खरे औषध मिळाले ते १९१८ साली. खार्टुममध्ये काम करणारे डॉक्टर ख्रिस्तोफरसन यांनी टार्टर एमेटिक म्हणजे पोटॅशियम अँटिमनी टार्टरेट हे संयुग शिरेतून दिले, आणि जंत मरतात असे दाखवले. अँटिमनी म्हणजे सुरम्याच्या खनिजातले मूलद्रव्य. त्याच सुमारास आपल्याकडे कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळा आजारावर अँटिमनीचेच युरिया स्टिबामाइन हे औषध तयार करून असंख्य जीव वाचवले. तेव्हा अँटिमनीचा उपचार हा त्या काळातला चांगला, शास्त्रीय उपचार होता, हे आपण विसरता कामा नये.

पण टार्टर एमेटिकचे दोन दुर्गुण होते. पोटात घेतले तर जोराची उलटी होते; 'एमेटिक' या शब्दाचा अर्थच वांती घडवणारे. स्नायूत टोचले तर तिथले मांस सडते. म्हणून ते थेट शिरेतच द्यावे लागे, तेही एकदा नव्हे. बारा ते सोळा इंजेक्शने, साधारण आठवड्याला एक.

१९५० च्या दशकापासून ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इजिप्तच्या आरोग्य खात्याने हे उपचार मोठ्या मोहिमा काढून गावोगाव दिले. ठरलेल्या दिवशी गावकरी रांग लावत. बाह्या वर सरकवलेल्या, एकामागून एक पुढे येत. मोहिमेचा हेतू निर्मळ होता, रोग खरोखर भयंकर होता, आणि उपचारही लागू पडत होता.

१९६४ साली छापलेली एका ब्रिटिश प्राध्यापकाची नोंद मात्र वाचताना अंगावर काटा येतो. एका गावातल्या दवाखान्यात त्यांनी पाहिले की, कुशल डॉक्टरने सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी इंजेक्शने द्यायला सुरुवात केली आणि १० वाजून १० मिनिटांनी ५०४ माणसांना इंजेक्शने देऊन संपवली. मधली दहा मिनिटे विश्रांतीची. ही आकडेमोड आपण मुलांकडूनच करून घ्यावी. ४० मिनिटे म्हणजे २४०० सेकंद. भागिले ५०४. एका इंजेक्शनला पाच सेकंदही मिळाले नाहीत. वापरलेली काचेची सिरिंज एका तबकात पडे, परिचारिका ती धुऊन मिनिट-दोन मिनिटे उकळे, आणि ती पुन्हा डॉक्टरच्या हातात येई.

इथे दोन गोष्टी समजून घेऊ. शिरेतून इंजेक्शन देताना सुई शिरेतच गेली आहे ना हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढतात आणि सिरिंजमध्ये रक्त आले की मग औषध सोडतात. म्हणजे प्रत्येक वेळी सुईलाच नव्हे, सिरिंजलाही रक्त लागते. दुसरे, उकळून जंतुनाश करायचा तर भांड्याला नीट उकळी आल्यावर किमान वीस मिनिटे धीर धरावा लागतो. पाच सेकंदांना एक या वेगाने चाललेल्या रांगेत वीस मिनिटे कुठून आणायची?

माहीत नव्हते का?

हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. मग दोष कुणाला द्यायचा, असे आपले विद्यार्थी विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

१८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरात जहाजबांधणीच्या कारखान्यात १२८९ कामगारांना देवी टोचल्या. लस माणसाच्या फोडातल्या लसिकेपासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना वेगळ्या साठ्यातली लस मिळाली किंवा ज्यांनी टोचूनच घेतले नाही, ते ठणठणीत राहिले. लुर्मान नावाच्या डॉक्टरने १८८५ साली हे सगळे व्यवस्थित लिहून ठेवले. १९४२ साली अमेरिकन सैन्यात पीतज्वराची लस टोचल्यावर सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. त्या लशीत मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. त्याच दशकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की, एकच सिरिंज अनेकांना वापरणाऱ्या दवाखान्यांतही कावीळ पसरते. १९४७ साली मॅक्कॅलम यांनी पाण्या-अन्नातून होणाऱ्या काविळीला 'ए' आणि रक्तातून होणाऱ्या काविळीला 'बी' अशी नावे सुचवली.

म्हणजे विषाणूचे नाव-गाव ठाऊक नसले तरी वाट ठाऊक होती. शत्रूचा चेहरा दिसला नव्हता, पण तो कोणत्या दाराने येतो हे कळले होते. दार बंद करण्यासाठी चेहरा दिसण्याची वाट पाहायची नसते. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला हा फार मोलाचा धडा आहे. पण गरीब देशात, मोजक्या सिरिंजा आणि मोजकी माणसे हाताशी असताना, दाराशी पाचशे रोगी उभे असताना तो पाळणे किती अवघड होते, हेही आपण प्रामाणिकपणे मुलांपुढे मांडले पाहिजे.

१९८० च्या दशकात प्राझिक्वांटेल हे पोटात घ्यायचे औषध आले. बिल्हार्झियासाठी सुईची गरजच उरली नाही. मोहीम गोळ्यांवर गेली आणि पुढच्या काळात इजिप्तमधला बिल्हार्झिया खरोखर ओसरला. एक प्राचीन रोग हटत चालला होता. मागे काय राहिले आहे याची कल्पना कुणाला नव्हती.

नाव नसलेला विषाणू

१९७० च्या दशकात 'ए' आणि 'बी' दोन्ही ओळखण्याच्या रक्तचाचण्या आल्या. तेव्हा अमेरिकेत हार्वे आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, रक्त दिल्यानंतर होणाऱ्या अनेक काविळी या दोहोंपैकी कोणत्याच नाहीत. १९७५ साली त्यांनी तसे जाहीर केले. नाव काय द्यायचे? 'ए नाही, बी नाही' हेच नाव चौदा वर्षे चालले! हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली सापडेना, प्रयोगशाळेत वाढेना.

शेवटी १९८९ साली मायकेल हाउटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी वेगळीच युक्ती केली. विषाणू न पाहता त्यांनी त्याच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा पकडला. बाधित चिंपांझीच्या रक्तातल्या जनुकीय द्रव्याचे लाखो तुकडे जिवाणूंत घालून त्यांपासून प्रथिने बनवली, आणि त्यांतले कोणते प्रथिन रोग्याच्या प्रतिपिंडांना चिकटते ते शोधले. लाखांतून एक चिकटले. तो हिपॅटायटिस 'सी'. पुढे चार्ल्स राइस यांनी हा विषाणू एकटाच रोग घडवू शकतो हे सिद्ध केले. आल्टर, हाउटन आणि राइस यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चाचणी हाती आल्यावर जगभर रक्त तपासले जाऊ लागले, आणि इजिप्तचे आकडे पाहून सगळे थक्क झाले. २००८ सालच्या देशव्यापी पाहणीत १५ ते ५९ वर्षे वयाच्या शंभर माणसांमागे जवळजवळ १५ जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती आणि सुमारे १० जणांच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणू होता. जगात इतके प्रमाण दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशात नव्हते.

यातले पुष्कळ लोक धडधाकट दिसत. 'सी'ची लागण झालेल्यांपैकी काहींचे शरीर स्वतःच विषाणूला हुसकावते, पण सुमारे ७० टक्के लोकांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. मग वीसएक वर्षांत त्यांतल्या काहींचे यकृत हळूहळू कठीण, गाठाळ होते (याला सिरॉसिस म्हणतात), आणि काहींना यकृताचा कर्करोग होतो. १९६० साली रांगेत उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्याची किंमत १९९० साली, घरातला कर्ता पुरुष झाल्यावर मोजावी लागली.

पण हे सुयांमुळेच झाले, कशावरून? २००० साली इजिप्शियन आणि अमेरिकन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. देशाच्या कोणत्या भागात, कोणत्या वर्षांत, किती इंजेक्शने दिली गेली याचे जुने दप्तर त्यांनी काढले आणि त्या त्या भागातल्या, त्या त्या वयाच्या लोकांतल्या लागणीशी ताडून पाहिले. जिथे मोहीम जास्त, तिथे लागण जास्त. मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांत ती बरीच कमी. असा मेळ बसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. म्हणून दुसरा पुरावा महत्त्वाचा. विषाणूच्या जनुकीय द्रव्यात काळाबरोबर ठरावीक गतीने बदल होत जातात, एखाद्या घड्याळासारखे. २००३ साली संशोधकांनी इजिप्तमधल्या विषाणूंचे हे घड्याळ वाचले. त्यांचा झपाट्याने फैलाव १९३० ते १९५५ च्या दरम्यान झाला असावा असे निघाले. म्हणजे मोठ्या मोहिमा जोरात येण्याच्या आधीच, टार्टर एमेटिकचा वापर वाढत होता तेव्हा, ठिणगी पडलेली होती. मोहिमांनी वणवा पेटवला. आणि मोहीम थांबल्यावरही निष्काळजी इंजेक्शने, दंतवैद्यकाची हत्यारे, न तपासलेले रक्त यांनी तो धुमसत ठेवला. इतिहासात एकाच खलनायकाला सगळा दोष देणे सोपे असते. पुरावा सहसा त्याहून गुंतागुंतीचा असतो.

गोळी आली, पण किंमत?

सुरुवातीला उपचार होते ते इंटरफेरॉनचे. जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन, सोबत गोळ्या, ताप, थकवा, नैराश्य. एवढे सोसूनही सुमारे निम्मेच बरे होत. याच काळात लोकांच्या अगतिकतेचा फायदा घेणारेही निघाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये इजिप्तच्या लष्कराने पत्रकार परिषद घेऊन एड्स आणि हिपॅटायटिस 'सी' दोन्ही बरे करणाऱ्या यंत्राची घोषणा केली. कुठलाही प्रसिद्ध प्रयोग नाही, आकडे नाहीत. राष्ट्राध्यक्षांचे त्या वेळचे वैज्ञानिक सल्लागार एसाम हेगी यांनी या दाव्याला उघड विरोध केला. यंत्र पुढे कधी आलेच नाही. काविळीची माळ फक्त आपल्याकडेच असते असे नाही. कधी कधी ती गणवेश घालून येते.

खरे औषध त्याच सुमारास दुसरीकडून आले. सोफोसबुविर. विषाणू आपल्या जनुकीय द्रव्याच्या नकला काढतो तेव्हा एकेक दुवा जोडत जातो. सोफोसबुविर शरीरात गेल्यावर अशाच एका दुव्याचे रूप घेते. विषाणू फसून तो दुवा साखळीत घालतो, आणि पुढचा दुवा त्याला जोडताच येत नाही. नक्कल तिथेच थांबते. जोडीला दुसऱ्या एका औषधाची गोळी दिली की, बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. कायमच्या चिवट विषाणूचा इतका निखळ इलाज वैद्यकात विरळाच.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तेव्हा बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत होती ८४ हजार डॉलर. एका गोळीला हजार डॉलर. इजिप्तने कंपनीशी वाटाघाटी केल्या. लाखो रोग्यांची बाजारपेठ हाताशी होतीच, आणि पेटंटच्या अर्जालाही तिथे अडचण होती. २०१४ साली तेच औषध ९०० डॉलरला मिळायचे ठरले. नोंदणी सुरू होताच पहिल्या काही दिवसांत लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. पुढे देशातल्याच कारखान्यांनी ते बनवायला सुरुवात केली आणि उपचाराचा खर्च १०० डॉलरच्याही खाली आला.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. काही वर्षांत औषध मुबलक झाले, पण रोगी येईनासे झाले! ज्यांना आपला रोग माहीत होता ते बरे होऊन गेले होते. उरलेल्यांना आपण आजारी आहोत हेच ठाऊक नव्हते. या रोगात डोळे पिवळे होत नाहीत, हे आपण सुरुवातीला पाहिलेच. आता रोग्याने दवाखान्यात यायची वाट पाहून भागणार नव्हते. दवाखान्यालाच माणसांकडे जावे लागणार होते.

पुन्हा एकदा रांग

१ ऑक्टोबर २०१८ रोजी इजिप्तमध्ये नवी मोहीम सुरू झाली. पुन्हा गावोगाव रांगा लागल्या. दवाखान्यांत, मशिदी-चर्चच्या आवारांत, स्टेशनांवर, कारखान्यांत, फिरत्या गाड्यांत. शाळांमधून बारा वर्षांवरील विद्यार्थ्यांचीही तपासणी झाली. या वेळी बोटाला एकदाच वापरायची सुई टोचून रक्ताचा थेंब घेत आणि काही मिनिटांत उत्तर मिळे. प्रतिपिंडे आढळली तर दुसरी चाचणी. कारण प्रतिपिंडे म्हणजे विषाणू एकदा येऊन गेल्याची खूण, तो अजून आहे की नाही हे दुसऱ्या चाचणीनेच कळते. विषाणू असेल तर औषध फुकट. सोबत रक्तदाब आणि साखरही तपासत. ही युक्तीच म्हणायची, कारण रांगेत उभे राहिले म्हणून 'याला तो रोग असणार' असा ठपका कुणावर येत नसे. तोपर्यंत हा ठपका फार जाचक होता. आखाती देशांत नोकरीला जाताना रक्त तपासतात, आणि 'सी' निघाला की व्हिसा नाही, हा अनुभव कित्येक घरांनी घेतला होता.

सात महिन्यांत ६ कोटी २५ लाखांपैकी सुमारे ४ कोटी ९६ लाख प्रौढांची तपासणी झाली. शंभरात साडेचारहून थोड्या अधिक लोकांत प्रतिपिंडे सापडली. उपचारानंतर ज्यांची फेरतपासणी झाली, त्यांच्यापैकी जवळजवळ ९९ टक्के बरे झालेले आढळले. एक माणूस शोधून, औषध देऊन, बरा करण्याचा सगळा खर्च भागून सुमारे १३० डॉलर आला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस 'सी'च्या निर्मूलनाच्या वाटेवर 'सुवर्ण' दर्जा गाठणारा पहिला देश म्हणून इजिप्तचे नाव जाहीर केले. त्या वेळी लागणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ०.३८ टक्क्यावर आले होते.

'निर्मूलन' या शब्दाचा अर्थ इथे नीट समजून घ्यावा. देवी रोग जगातून समूळ गेला, ते उच्चाटन. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी'साठी जे लक्ष्य ठेवले ते असे : २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत नव्या लागणी ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करणे. विषाणू उरेल, पण समाजावरचे संकट म्हणून उरणार नाही. 'बी'वर प्रभावी लस आहे, आणि ती बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे सर्वांत महत्त्वाचे. 'सी'वर आजही लस नाही. म्हणून इजिप्तमध्ये बरा झालेला माणूस उद्या पुन्हा दूषित सुईने टोचला गेला, तर त्याला पुन्हा लागण होऊ शकते. गोळ्यांनी तळे उपसता येते. नळ बंद करायचा तर सुई, रक्त आणि वस्तरा यांचीच शिस्त लागते.

आपल्या वर्गापर्यंत

ही गोष्ट दूरची वाटू नये. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा गावी पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे हिपॅटायटिस 'बी'ची साथ येऊन अनेक जण दगावले. २८ जुलै २०१८ पासून आपल्या देशातही राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. या औषधांच्या स्वस्त गोळ्या मोठ्या प्रमाणावर भारतातच बनतात. तरीही 'डॉक्टर, सुई द्या, म्हणजे लवकर बरे वाटेल' असे म्हणणारे पालक आपल्या ओळखीत आहेतच. गोळीने भागत असताना घेतलेली प्रत्येक सुई ही अनावश्यक जोखीम असते, हे पटवायला इजिप्तच्या कहाणीहून चांगले साधन आम्हाला सापडलेले नाही.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. चाळीस मुलांना प्रत्येकी अर्धा पेला पाणी द्या. त्यांतल्या एकाच पेल्यात, कुणाला न सांगता, साध्या पाण्याऐवजी भाताची गाळलेली पेज घाला. ती बरीच पातळ करावी, म्हणजे चटकन ओळखू येणार नाही. आता प्रत्येकाने एका जोडीदाराबरोबर पेल्यातले पाणी मिसळून पुन्हा अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे. जोडीदार बदलून असे तीनदा करा. (पाणी कुणी पिऊ नये.) मग प्रत्येक पेल्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. पिष्ट असलेले पेले निळे-काळे होतील. एकापासून किती झाले? तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ. पाच फेऱ्या केल्या असत्या तर?

मग मुलांना विचारा, पहिला पेला कोणाचा होता ते निळ्या पेल्यांकडे पाहून ओळखता येईल का? बहुधा येणार नाही. आणि ज्याचा पेला निळा झाला त्या मुलाचा त्यात काही दोष होता का? या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग क्षणभर गप्प झाला, तर त्या रांगेत बाही सरकवून उभे राहिलेले ५०४ जण त्यांना दिसले, असे समजायला हरकत नाही.